जीपचं गळकं चेंबर

आमच्या मुकुंदवाडीच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगला नवे पेव्हर ब्लॉक बसवले आणि पंधरा दिवसांत आमच्या जीपखाली ताटाएवढा काळा डाग पडला. सोसायटीने पत्र दिलं: रविवारपर्यंत गळती बंद करा, नाहीतर गाडी आवाराबाहेर काढा. पत्रात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मी सही करून घेतलं.

जीप सासऱ्यांची. जुनी, डिझेलवरची, चारही चाकांना जोर मिळणारी. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतायचे तेव्हाही ही निघायची, असं ते सांगतात. शेत आता वाट्याने दिलंय आणि जीप महिन्यातून एकदा हलते. पण सासरे रोज सकाळी दोन मजले उतरून तिच्यात बसतात, पेपर वाचतात आणि दोन मजले चढून वर येतात. त्यांचे गुडघे त्या जिन्यावरच चालू आहेत. जीप आवाराबाहेर गेली म्हणजे गावी पुतण्याकडे जाणार आणि पुतण्या ती भंगारात घालणार, हे मलाही माहीत होतं आणि सासऱ्यांनाही. मग ते खाली उतरणार नाहीत, आणि वर्षभरात त्यांना बाथरूमपर्यंत मलाच धरून न्यावं लागेल. मला जीपचं प्रेम नाही. मी एवढंच पाहिलं.

गळती चेंबरची होती. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारा जो पत्र्याचा डबा असतो, त्याच्या कडेतून थेंब यायचा. दोन मेकॅनिकनी वर्षभरात ती तीनदा बंद केली होती. सासऱ्यांनी दोघांनाही पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत झापलं, त्यामुळे आता कोणी यायला तयार नव्हतं. नवरा बदलीवर नांदेडला. तो फोनवर म्हणाला, देऊन टाक गावी. मी चितेगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या पत्र्याच्या वस्तू दिवसभर मोजायच्या आणि नापास करायच्या, हे माझं काम. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते. त्या शुक्रवारी मला झोपायचं होतं.

सकाळी आठला जीपचं पुढचं अंग जॅकवर उचललं, खाली लोखंडी घोड्या लावल्या आणि जुनं फ्लेक्स अंथरून मी आत सरकले. सासरे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काठी घेऊन बसले. मला त्यांच्या चपला आणि काठीचं टोक दिसत होतं, आणि सूचना ऐकू येत होत्या. आधी ऑइल काढ. बोल्ट एका बाजूने सलग सोडू नको. मोजून ठेव.

"मोजलेत, बाबा. दोनदा."

"लई शहाणी हाय," ते म्हणाले. कौतुक होतं की टोमणा, ते कळलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या बाई स्कूटी काढताना वाकून बघत म्हणाल्या, गॅरेज काढलं का काय? मी म्हटलं, काढलं, तुमची गाडी पण आणा. त्या घाईने निघून गेल्या.

बोल्ट निघाले, पण चेंबर निघेना. तीन वेळचं सीलंट एकावर एक थापलेलं होतं: काळं, करडं आणि वीटकरी. कोणीही जुनं खरवडलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं असतं तर कड वाकली असती, म्हणून मी रंगाऱ्याकडची पातळ पुट्टीची पात कडेने थोडी थोडी ठोकत नेली. त्यात दीड तास गेला. मान अवघडली, डोळ्यात माती गेली. शेवटी चेंबर सुटलं ते उरलेल्या ऑइलसकट माझ्या कोपरावर.

आत ऑइल ओढून घेणाऱ्या नळीच्या जाळीला सीलंटचे दोरे शेवयांसारखे अडकलेले होते. आणखी थोडे असते तर इंजिनाला ऑइल मिळणंच बंद झालं असतं. सासऱ्यांना ते दाखवल्यावर त्यांना हुरूप आला. बघ, मी म्हणत होतो ना, म्हणत त्यांनी दोन्ही मेकॅनिकांचा पुन्हा उद्धार केला.

चेंबर डिझेलने धुतलं, खरवडलं, पुसलं आणि वर स्वयंपाकघरात नेलं. कारखान्यात कुठलीही कड सपाट आहे का हे आम्ही ग्रॅनाइटच्या लादीवर ठेवून बघतो. घरात ग्रॅनाइट म्हणजे ओटा. ओटा पुसून चेंबर त्यावर उपडं ठेवलं आणि आतून मोबाइलचा टॉर्च लावला. कड फक्त बोल्टच्या भोकांपाशी टेकत होती. मधल्या प्रत्येक जागी उजेडाची चीर. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले की भोकाभोवतीचा पत्रा वर ओढला जातो. मग पॅकिंग कितीही चांगलं घाला, मधून ऑइल येणारच.

सगळी भोकं सारखी नव्हती. डाव्या बाजूला थोडाच उठाव होता. ड्रायव्हरच्या बाजूला, चाकाच्या वरून हात घातला तर खाली न झोपता पोचतील अशा सहा बोल्टांपाशी तो सगळ्यात जास्त होता. मेकॅनिक खाली झोपतो; त्याला डावं-उजवं सारखंच. सासरे जिना चढून आले होते. ओट्याशी वाकून त्यांनी त्या चिरांकडे बराच वेळ पाहिलं आणि एकेका भोकावरून बोट फिरवलं.

"हे माझ्या हातचं हाय," ते म्हणाले. "रोज सकाळी थोडं थोडं आवळायचो. वाटायचं, ढिलं झालं आसंल."

मी म्हटलं, चहा घेता का? ते नाय म्हणाले.

उठलेला पत्रा पुन्हा सपाट करायचा होता. गच्चीवर लोखंडी खल उपडा ठेवला, त्याच्या बुडावर कड टेकवली आणि वरून हातोडीने हलके ठोके द्यायचे होते. पहिल्या भोकाला हातोडी त्यांनीच घेतली. तिसरा ठोका भलतीकडे पडला. त्यांनी हातोडी माझ्याकडे दिली आणि कड धरून बसले. एक भोक ठोकायचं, खाली ओट्यावर नेऊन टॉर्च लावायचा, परत वर. दुपारचं जेवण राहिलं. चारच्या सुमाराला चीर दिसेनाशी झाली.

मग पुन्हा जीपखाली. नवं कॉर्कचं पॅकिंग, त्याला दोन्हीकडून सीलंटचा पातळ हात, आणि बोल्ट आधी नुसते बोटांनी. नंतर मधल्यांपासून टोकांकडे, आलटून पालटून. कॉर्क जरा बाहेर फुगलं तशी मी थांबले.

"आणखी थोडं," वरून आवाज आला.

"नाही."

काठी ब्लॉकवर दोनदा आपटली.

शनिवारी कामावरून आल्यावर ऑइल भरलं, अर्धा तास इंजिन चालू ठेवलं आणि खाली पुठ्ठा सरकवला. रविवारी मी कामावरून परतले तेव्हा सेक्रेटरी आले, वाकले, कोरड्या पुठ्ठ्याचा फोटो काढला आणि म्हणाले, असंच राहू द्या म्हणजे झालं. सासरे तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर पेपर उघडून बसले होते. पेपर त्यांनी खाली केला नाही.

संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा ते बोल्टचा पान्हा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"चार दिवसांनी पॅकिंग बसतं," ते म्हणाले. "मग थोडं आवळावं लागतं."

"लागलं तर मी आवळीन."

ते तिथंच उभे राहिले. माझे हात कणकेत होते आणि पाठ इतकी दुखत होती की वळून बघायचाही कंटाळा आला होता.

"मग ह्यो तुझ्याकडंच ठेव," ते म्हणाले. "माझ्यापाशी राह्यला तर मी आवळणारच."

पान्हा त्यांनी ओट्यावर ठेवला. हात धुतल्यावर मी तो डब्याच्या पिशवीत टाकला. सोमवारी सातच्या बसने तो माझ्याबरोबर चितेगावला गेला.