दारात आलेलं सुरतचं कोर्ट

आधी सांगून ठेवते, हसायचं नाही. माझ्या मूर्खपणामुळे माझ्या सख्ख्या मावशीचं घर जाता जाता राहिलं आणि आमचे हे अजूनही जेवताना तो विषय काढतात.

मावशी सुरतला राहते. मला आई नाही, म्हणून थोरलीच्या वेळी माझ्या बाळंतपणाला तीच नाशिकला आली. सव्वा महिना राहिली. परत गेली तर काय? तिच्या दिरानं खोलीचं कुलूपच बदललेलं! वर म्हणतो कसा, "वहिनी कायमची नाशिकला गेली, खोली सोडून दिली." तेव्हापासून मावशी शेजारणीकडे राहते आणि सुरतच्या कोर्टात केस चालू आहे. मावशी फक्त बाळंतपणापुरती आली होती, हे सांगणारी साक्षीदार कोण? तर मी!

आता धाकटा माझ्या अंगावर पितो, परक्या राज्यात कशी जाणार? हे म्हणाले, "तुझी साक्ष नाशकातच होणार आहे, काळजी करू नको." मला वाटलं, सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात जावं लागेल. साडीसुद्धा काढून ठेवली होती. कोर्ट स्वतः जिना चढून घरी येतं, हे मला सातवीपर्यंत कोणी शिकवलंच नाही!

त्यात आमच्या बिल्डिंगच्या बायकांचा ग्रुप. रोज एक नवीन भीती. "काळा कोट घालून येतात, कोर्टाचं नाव सांगतात, खातं रिकामं करतात." पांढऱ्या दाढीवाल्याला दार उघडू नका, पाणी मागणाऱ्याला उघडू नका. मी तर दूधवाल्याकडेसुद्धा दोनदा बघून घ्यायचे.

त्या आठवड्यात गुजरातच्या नंबरवरून फोन आला. "कोर्ट की तरफ से..." एवढं ऐकलं आणि मी फोन कापला. नंबर ब्लॉक! केवढी हुशार वाटले म्हणून सांगू स्वतःला! ते मावशीचे वकील होते, कोण कधी येणार ते सांगत होते, हे मला नंतर कळलं.

आणि गुरुवारी दुपारी बेल वाजली.

जाळीच्या दारातून बघते तर काळा कोट! सोबत लॅपटॉपवाली एक मुलगी आणि मागे एक गोड हसणारा माणूस. धाकट्याला कडेवर घेतला, थोरलीला आत ढकलली.

"ताई, मी कोर्ट कमिशनर. सुरतच्या कोर्टासाठी तुमची साक्ष घ्यायची आहे."

"कोर्ट कधी घरी येतं का? चला निघा!"

"सुरतच्या विमलबाई तुमच्याच मावशी ना?"

ओ माय! यांना मावशीचं नाव पण माहीत! आता म्हणणार, मावशीला पोलिसांनी पकडलंय, पैसे पाठवा. म्हटलं, मुळावरच घाव घालावा. एकटी बाई दिसले तर संपलंच. मी जोरात ओरडले, "माझे दीर पोलिसात आहेत, आत झोपलेत! सासरे पैलवान आहेत! आणि मावशी इथंच राहते, कायमची! सुरतला तिचं काहीसुद्धा नाही!"

मागचा गोड माणूस एकदम पुढे आला. "वा, वा! साहेब, हे लिहून घ्या ना. कायमची इथंच राहते!"

तो मावशीच्या दिराचा वकील होता हो! आणि मावशीचे वकील? खाली गाडी लावायला जागा शोधत होते.

मी कमिशनरांच्या ओळखपत्राचा जाळीतून फोटो काढून यांना पाठवला. कंपनीतून यांचा फोन आला. "अगं, खरंच कोर्ट आहे ते! उघड दार! आणि काय बोललीस त्यांना?"

"काही नाही," मी म्हटलं.

मावशीचे वकीलही वर आले, सगळे आत येऊन बसले. शपथ झाली. मावशीच्या वकिलांनी विचारलं तेवढं मी नीट सांगितलं. मग दिराचा वकील सरसावला. मराठी छान बोलत होता मेला.

"दारात म्हणालात, मावशी कायमची इथे राहते?"

"ते खोटं होतं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता?"

"दारात बोलते. घरात नाही."

"आणि पोलीस दीर?"

"मला दीरच नाही."

"सासरे तरी पैलवान आहेत का?"

"देवळ्याला असतात. त्यांना दमा आहे."

लॅपटॉपवाली तोंडावर रुमाल धरून टाइप करत होती.

"मग आत्ता तरी खरं कशावरून? मावशीनं शिकवून ठेवलंय तुम्हाला!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "देव आणले नव्हते तिनं! एका पिशवीत डिंक, अळीव, खोबरं आणि दोन साड्या. कायमचं घर सोडणारी बाई देव मागे टाकून येईल का? तुमच्या घरातली येईल? रोज दिवेलागणीला रडायची, माझ्या देवांना दिवा कोण लावत असेल म्हणून!"

कमिशनर हळूच म्हणाले, "देव्हारा सुरतलाच होता, असं लिहा."

सगळं वाचून दाखवलं, मी सही केली. पण घोर लागला तो लागलाच. मावशीचं घर माझ्या जिभेनं गेलं, असंच वाटायचं. घास गोड लागेना.

काही महिन्यांनी मावशीचा फोन. रडतही होती, हसतही होती. "खोली मिळाली गं! आल्या आल्या देव घासले, दिवा लावला. वकील म्हणाले, तुझ्याच साक्षीनं काम झालं!"

माझी छाती अशी फुगली! म्हटलं, "खरं? काय म्हणाले गं, नीट सांग ना."

"म्हणाले, समोरचा सारखा म्हणत होता की साक्षीदार शिकवून ठेवलीय. पण तुझी साक्ष वाचली आणि कोर्टाला पटलं. इतकी बावळट बोलणारी बाई कोणी शिकवलेली असूच शकत नाही!"