आंदणातल्या पलंगाची गिटार

“नाव रंधून काढलं असतं मी. दुसरं कोरलं असतं. पलंग कापायची काय गरज होती?”

“कापून झाला, आबा.”

“ते दिसून राहिलं. आंधळा न्हाई मी.”

“मग काहून इचारून राहिले?”

सुदाम सुताराने भुशात पाय आपटला. बाळापूरच्या रस्त्यावरून हळदीचा ट्रक गेला, दुकानाचं शटर थरथरलं. शिवकन्येच्या हातातला पॉलिश पेपर काही थांबला नाही.

पलंग बापानेच तिला लग्नात आंदण दिलेला. अस्सल सागवान. लोक भांड्यांवर नाव टाकतात, सुदामने उशाकडच्या जाड फळीवर टाकलं होतं : दोन मोर आणि मधे ‘बालाजी – शिवकन्या’. सोडचिठ्ठी झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळं आंदण टेम्पोतून परत आलं. “कुठं उतरवू?” टेम्पोवाल्याने विचारलं, आणि तिला बोट कुठं दाखवावं ते कळेना. पलंग दुकानातच भिंतीला टेकून उभा राहिला. ती बापाच्या हाताखाली चौकटी घासायला लागली. घासायची, जेवायची, झोपायची. जिवनबाई, तिची आई, लेक कधी रडते याची वाट बघून थकली.

मग एकदा मोबाइलवर कुणीतरी जुन्या कपाटाची इलेक्ट्रिक गिटार करताना दिसला. तिला फार काही वाटलं असं नाही. करण्यासारखं काम दिसलं, एवढंच. उशाच्या फळीचं गिटारचं धड झालं, पलंगाच्या बाजूच्या लांब पाटीची मान. तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसवायला तिने पटाशीने खाच पाडली, ती नेमकी ‘बालाजी’वर आली.

“गुरुवारी तुला पाहायला औंढ्याचे पाव्हणे येऊन राहिले,” सुदाम म्हणाला. “त्यायला सांगून बसलो मी, पलंग तयार हाय म्हणून.”

“नवा करा.”

“असं सागवान आता भेटतं का?”

“म्हणून तर हेच घेतलं.”

“वाजवता तरी येतं का तुला?”

“न्हाई.”

“मग कोण वाजवणार? तुझी माय?”

“मला आंदणात नुसता पाटा-वरवंटा भेटला होता,” दारातून जिवनबाई म्हणाली. “मला मधात घेऊ नका.”

शेजारच्या सोहेलचा मंडपातला जुना अँप्लिफायर कोपऱ्यात घरघरत होता, गिटारची वायर त्यालाच जोडलेली. न राहवून सुदामने अंगठ्याने तार छेडली. जाड, लांबलचक आवाज आला. दाराची चौकट बघावी तसा एक डोळा मिटून तो मानेवरून बघत राहिला.

“सरळ निघाली.”

“तुमचंच लाकूड हाय.”

त्याचं बोट मोराच्या पंखावरून घसरत ‘शिवकन्या’वर आलं. ती अक्षरं तशीच होती.

“पलंगाचं जाऊ दे,” त्याचा आवाज उतरला. “गुरुवारी येऊ देऊ त्यायला, का नको म्हणू? आजपोतर तुला इचारलं न्हाई. आता इचारून राहिलो.”

शिवकन्येने मनात शोधून पाहिलं, हो का नको. टेम्पोवाल्याने ‘कुठं उतरवू?’ विचारलं तेव्हा होतं तसंच रिकामं होतं तिथं. तिने अँप्लिफायर बंद केला, वायर गुंडाळली, ओढणीवरचा भुसा झटकला आणि चपला पायांत सरकवून रस्त्याकडे निघून गेली.