निपाणीची तारीख

आमच्या घरी टपाल आलं की आप्पा आधी पाकिटाची पाठ बघायचे. कुणाचं आलंय, काय आलंय, ही चौकशी नंतर. पाठीवरचा शिक्का स्पष्ट उमटला असेल तर स्वारी दिवसभर खुशीत. धुरकट असेल तर पोस्टमनची उलटतपासणी ठरलेली. माझ्या लग्नानंतर माहेरून आलेल्या पहिल्याच पत्राचं पाकीट त्यांनी मागून घेतलं आणि वर म्हणाले, "पत्र तुझं, मंजू. पाकीट माझं. वाटणी आत्ताच झालेली बरी." मी नवी सून, मुकाट्यानं दिलं. आप्पा म्हणजे माझे सासरे. बेळगावच्या कोर्टात दिवाणी दाव्यांची वकिली करण्यात त्यांची सगळी हयात गेली. वाटणी, ताबा, कब्जा हे शब्द त्यांच्या तोंडी मीठमिरचीसारखे असायचे.

नुसती तिकिटं जमवणाऱ्यांविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. खासबागेत आमच्या शेजारी एक जण तिकिटं बशीभर पाण्यात भिजवून सोडवायचे आणि टॉवेलवर वाळत घालायचे. आप्पांना ते दृश्य बघवायचं नाही. "तिकीट सोडवणं म्हणजे साक्षीदाराला विहिरीत ढकलल्यासारखं हाय," ते म्हणत. कुठून निघालं, कुठल्या वाटेनं आलं, कधी पोचलं, हे सगळं अख्खं पाकीट सांगतं. सुटं तिकीट काय सांगणार? त्यांच्याकडची पाकिटं जाड कागदावर बसवलेली असत आणि प्रत्येकाखाली त्यांच्या वळणदार अक्षरात दोन-चार ओळींची माहिती. ती माहितीही पुराव्याशिवाय लिहायची नाही. "ऐकीव गोष्ट कोर्टात चालत न्हाय," म्हणायचे. पुरावा मिळेपर्यंत त्या जागी पेन्सिलीनं तीनच शब्द असत: तपास चालू आहे.

सगळे तपास यथावकाश पुरे व्हायचे, एक सोडून. कोल्हापूरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना ते पाकीट मिळालं होतं. अमेरिकेचं तिकीट, जांभळट शाई, आणि पत्ता: मिसेस हन्नाबाई, मिशन स्कूल, निपाणी, जिल्हा बेळगाव, मुंबई इलाखा. मागे बेळगावचा शिक्का, त्याखाली निपाणीचा. आत पत्र नव्हतं. मुंबई इलाखा वाचून आमच्याकडे येणारे एक गृहस्थ एकदम ताठ बसले. सीमाप्रश्नाला याचा उपयोग होईल का, असं त्यांनी विचारलं. आप्पांनी पाकीट त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं. "हे एका बाईला आलंय," ते म्हणाले, "सरकारला न्हाय."

ही बाई कोण, ते मात्र कळेना. अमेरिकेतून हिला कुणी आणि का लिहिलं असेल? आप्पांनी मिशनची जुनी माहिती मिळवायला पुण्यामुंबईकडे पत्रं धाडली. प्रत्येक पत्रासोबत उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट. उत्तरं सभ्य आली आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. मिशन केव्हाच गुंडाळलं गेलं, साहेबलोक परत गेले, कागद कुठे गेले ठाऊक नाही. निपाणीच्या चर्चनं कधीतरी छापलेली एक पुस्तिका आली. तिच्यात गोऱ्या पाद्र्यांची नावं होती, त्यांच्या मडमांची होती, त्यांच्या घोड्याचंसुद्धा होतं. हन्नाबाईचं नव्हतं. आप्पा चिडले. "घोड्याचं नाव हाय बघ, मंजू," असं त्यांनी मला त्या आठवड्यात किती वेळा ऐकवलं असेल!

त्याच सुमाराला माझ्या सासूबाई गेल्या. आप्पा रडले नाहीत. फक्त रविवार त्यांना जड जायला लागला. इतर दिवशी कुणीतरी जुना पक्षकार यायचा, कागद दाखवायचा. रविवारी सासूबाई आणि ते मिळून पाकिटांना ऊन दाखवायला गच्चीत नेत असत. ते बंद पडलं. नवरा दमून झोपलेला, मुलं आपापल्या मोबाइलमध्ये, आणि माझा आठवड्याचा तुंबलेला पसारा. आप्पा खुर्चीत बसून चष्मा पुसत राहायचे. एका रविवारी तेच म्हणाले, "मंजू, तुझी मावशी निपाणीत असते न्हाय? तुला तिकडं जायचं असंल तर मी पण येतो."

मला जायचं नव्हतं. पण गाडी काढली. महामार्गानं संकेश्वरला चहा, मग निपाणी. गावाबाहेरच्या लहानशा चर्चपाशी त्यांना सोडून मी मावशीकडे गेले. परत आले तेव्हा उपासना संपली होती आणि आप्पा व्हरांड्यात एका वयस्कर बाईंसमोर बसून बशीतून चहा पीत होते. पांढरी साडी, जाड भिंगाचा चष्मा, हातात छत्री. पाळकसाहेबांनीच गाठ घालून दिली होती. सुवार्ताबाई, निवृत्त शिक्षिका. हन्नाबाई त्यांची आजी.

"म्हणजे सापडलं की!" गाडीत मी म्हटलं. आप्पांनी पट्टा लावला. "आज नुसती ओळख झाली. पुढच्या रविवारची तारीख पडलीय."

आणि मग तारखाच पडत गेल्या. आप्पांची अट एकच होती, तारीख टपालानं कळवायची. त्यामुळे दर आठवड्याला सुवार्ताबाईंचं पाकीट आमच्या दारात यायचं. व्यवस्थित तिकीट, शिक्षिकेचं गोल अक्षर. आत एवढंच: रविवारी उपासना नऊ वाजता, यावे. आप्पा शिक्का बघत आणि ठेवून देत. परतीच्या वाटेवर मी विचारायची, आज काय कळलं? कधी कळायचं की चर्चची कौलं मंगळूरची. कधी कळायचं की घंटा बोटीनं आली आणि पुढं बैलगाडीत, आणि वाटेत एका गाडीवानानं ती वाजवून बघितली म्हणून गावोगावची पोरं गाडीमागं लागली. मिशनच्या आवारातली विहीर सगळ्या जातींना खुली होती, म्हणून तिच्यावर गावात केवढा दंगा झाला होता, तेही कळलं. "आणि हन्नाबाई?" मी विचारायची. "त्याला वेळ हाय," आप्पा म्हणायचे. "आयुष्यभर मी लोकांना तारखा आणून दिल्या. आता मला कुणीतरी देतंय, तर घ्यायला नको?"

मला त्या बाईंचा राग यायला लागला. म्हातारीला सोबत हवी आहे, म्हणून ती गोष्ट लांबवते आहे, असा माझा सरळ हिशेब होता. एवढा वकील माणूस, आणि त्याला ही खेळवतेय! नवऱ्याला मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "जाऊ दे की. हिंडतायत तेवढं बरं हाय." हिंडतायत ते माझ्या पेट्रोलवर आणि माझ्या रविवारावर, हे त्याच्या लक्षात येत नव्हतं.

गेल्या वर्षी हंगामाच्या सणाला मात्र मी चर्चमध्ये आत बसले. मंडळी शेतातलं, परसातलं काहीबाही देवापुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. शेंगा, मक्याची कणसं, कोंबडा, नारळ, एक मोठा थोरला भोपळा. भोपळ्यावर आप्पांनी बोली लावली. कुणीच वर जाईना, तर त्यांनी स्वतःच आपल्यावर चढी बोली लावली. "वकीलसाहेब," पाळक हसत म्हणाले, "तुम्ही तुमच्याच विरुद्ध उभं राहिलाय." आप्पा म्हणाले, "दोन्ही बाजूंनी मीच हाय, चालू द्या." लोक हसून हसून बेजार. सुवार्ताबाई पदरानं डोळे पुसत होत्या. तो भोपळा आम्ही किती दिवस खाल्ला, काही विचारू नका. मुलं अजून भोपळ्याला निपाणी म्हणतात.

मग बेळगावात टपाल-तिकिटांचं प्रदर्शन भरलं. आप्पांनी कित्येक वर्षं या दिवसाची वाट बघितली होती. आपल्या मुलखातली जुनी पाकिटं असा त्यांचा संच होता आणि हन्नाबाईचं पाकीट बरोबर मधोमध. सगळ्या पाकिटांखाली माहिती, त्या एकाखाली पेन्सिलीनं तपास चालू आहे. मी हात जोडले, म्हटलं, आप्पा, एवढं तरी विचारून या, नाहीतर काहीतरी लिहून टाका. ते नुसते हसले. परीक्षकांनी शेरा दिला, मुख्य पाकिटाची माहिती अपूर्ण. मोठं पदक दुसऱ्याच कुणाला गेलं, आप्पांच्या वाट्याला कांस्य आलं. मला वाईट वाटलं, आणि निपाणीच्या म्हातारीवरचा राग आणखी वाढला. आप्पांनी पदक खिशात टाकलं आणि मला विचारलं, "रविवारी मोकळी हैस न्हाय?"

यंदा पावसाळा सरताना आप्पा गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. माझं माणूस गेलं. त्यांना सासरे म्हणायचं ते कागदावर. घरात मला हक्कानं चिडवणारे तेच एक होते. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि दारात एक पाकीट पडलं. गोल अक्षर, व्यवस्थित तिकीट, मागे स्पष्ट शिक्का. मी ते हातात घेऊन उभी राहिले. आजवर तिला कुणी कळवलंच नव्हतं. आत लिहिलं होतं: येत्या रविवारी हंगामाचा सण आहे. दोन आठवडे आपण आला नाहीत. प्रकृती बरी असेल, असे धरून चालते. यावे.

फोनवर सांगावंसं वाटेना. रविवारी एकटीच गाडी काढली. उपासना चालू होती, मी बायकांच्या बाजूला मागे बसले. पुरुषांच्या बाकांवर थोडीच डोकी होती. उपासना संपल्यावर सुवार्ताबाई छत्री टेकत आल्या, माझ्या मागे कुणी आहे का बघितलं, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना समजलं. त्या बाकावर बसल्या. "जाताना सलाम सुद्धा न्हाय केला त्या माणसानं," म्हणाल्या. "न सांगता गेला."

मी त्यांच्या शेजारी बसले. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, त्यांना ते तुम्ही सांगायला हवं होतं. प्रदर्शनाच्या आधी तरी. एका ओळीसाठी त्यांचं मोठं पदक गेलं."

"काय सांगायला हवं होतं?"

"हन्नाबाई कोण ते."

सुवार्ताबाईंनी चष्मा काढला. "अगं पोरी, ते मी दुसऱ्याच रविवारी सगळं सांगितलं की त्यांना."

आणि मग त्यांनी मलाही सांगितलं. हन्नाबाई विधवा झाल्यावर मिशनच्या आसऱ्याला आलेली. मोठेपणी अक्षरं शिकली आणि मुलींना शिकवायला लागली. शाळा चालवणारी मडम आजारी पडून अमेरिकेला परतली तेव्हा शाळेच्या किल्ल्या हिच्या हातात देऊन गेली. मडम नाताळाला न चुकता पत्र पाठवायची. हन्नाबाईला इंग्रजी येत नव्हतं, पाद्री वाचून दाखवायचे. पत्र ती जपून ठेवी, पण पाकिटावरचं तिकीट फाडून शाळेतल्या हुशार मुलीला बक्षीस देई. "माझ्या आईला पण मिळालेलं एक," सुवार्ताबाई म्हणाल्या. "तुमच्या पाकिटावर तिकीट तसंच हाय. म्हणजे ते आलं तवा आजी न्हवती. बक्षीस द्यायला कोण उरलं न्हवतं. हे ऐकलं आणि वकीलसाहेब उठले. आमच्या दफनभूमीत जाऊन आजीच्या दगडावरची तारीख आणि पाकिटावरचा शिक्का ताडून बघितला. म्हणाले, पुरावा पक्का हाय."

"मग लिहिलं का नाही?"

"मी पण तेच विचारलं. तिसऱ्या रविवारी परत आले, तवा म्हटलं, साहेब, आता काय राहिलं? म्हणाले, 'बाई, ओळ लिहिली की काम निकालात निघतं. निकालात निघालेल्या कामाची तारीख पडत न्हाय. मला घरी एकट्याला रविवार काढवत न्हाय. पण सुनेला सांगू नका. ती सगळ्यांचं करून दमते. तिला वाटंल, आपलं कायतरी कमी पडलं.'" सुवार्ताबाईंनी डोळे पुसले आणि चष्मा परत लावला. "आमची पोरं पुण्याला, कोल्हापूरला गेली. बाकं रिकामी पडलीत. ते तिकडं बसले की भरल्यासारखं वाटायचं. मग मी पण देत गेले तारखा."

मी तिथंच, त्या अनोळखी मंडळींदेखत, हुंदके देऊन रडले. सुवार्ताबाईंनी पाठीवर हात ठेवला, दुसऱ्या हातानं कुणालातरी चहा आणायला खुणावलं. बाहेर लिलाव सुरू झाला होता. भोपळा यंदाही होता. मी बोली लावली, कुणी वर गेलं नाही, तेव्हा मीच वर गेले. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी भोपळा उचलून माझ्याकडे दिला.

निघताना सुवार्ताबाई फाटकापर्यंत आल्या. काही विचारायचं होतं, पण विचारवत नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मीच म्हटलं, "तारीख टपालानं कळवा. तिकीट नीट लावा."

परवा नवऱ्यानं आप्पांचा संच कपाटातून काढला. हन्नाबाईच्या पाकिटाखालची पेन्सिलीची अक्षरं बघून म्हणाला, "तुला आता सगळं ठाऊक आहे. शाईनं नीट लिहून टाक, पुढच्या प्रदर्शनाला पाठवू."

मी कागद त्याच्या हातातून घेऊन परत जागेवर ठेवला. म्हटलं, "तपास चालू आहे."