दुसरी हाक

दीड महिन्यापूर्वी कुरखेड्याच्या एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला, "सर, तुमचे फादर गेले." 'तुमचे' हा शब्द मला लागला. छप्पन्नच्या दीक्षेनंतर वडिलांनी घरातले देव काढले, तेव्हापासून देवाशी आमचा संबंध नव्हता. पण गावच्या मिशनमधल्या फादर मॅथ्यूंवर माझा जीव होता.

ऐंशीच्या सुमारास मी चंद्रपूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागलो. आधुनिक तत्त्वज्ञान एका शंकेपासून सुरू होतं : मला दिसतं, ऐकू येतं ते सगळं एखादा लबाड भासवत असेल तर? पोरांना कळेना. म्हटलं, "अरे, चकवा. रानात वाट चुकवतो तो." पोरं सावरून बसली. आमच्याकडे चकव्यावर कोणी हसत नाही. सुट्टीत गावी आलो तेव्हा मिशनच्या ओसरीवर फादरना हे सांगितलं. तेही हसले नाहीत...

सेमिनरीत त्यांनी हेच तत्त्वज्ञान जीव तोडून वाचलं होतं आणि शंका घेता घेता देवच हातून निसटला होता. तशातच केरळातून इकडे बदली झाली. एका दुपारी ते रानात वाट चुकले. कितीही चाललं तरी तेच मोहाचं झाड पुढे यायचं. तेव्हा कोणीतरी त्यांना घरच्या नावानं हाक मारली. ते नाव फक्त त्यांची आई घ्यायची, आणि आई कधीच वारली होती. ते "ओ" म्हणाले, आवाजाच्या रोखानं चालले आणि सडकेला लागले.

"आमचं धर्मशास्त्र म्हणतं, देव नावानं हाक मारतो, आधी ओ द्या, समजणं मागून येईल," ते म्हणाले. "तुमचं तत्त्वज्ञान म्हणतं, हाक मारणारा कोण ते आधी सिद्ध करा. मी तर ओ देऊन बसलो, सर. सगळा जन्म त्या आवाजामागे चाललो. तो चकवा निघाला तर?"

उत्तर दिलं सोबत आलेल्या माझ्या आईनं. रोज बुद्धवंदना म्हणणारी बाई, पण देव गेले तरी चकवा तिच्याकडे राहिला होता. मला म्हणायची, "चिंधू, पहिल्या हाकेले ओ देऊ नको." आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून तिनं ठेवलेलं हे नाव. फादरना म्हणाली, "चकवा एकदाच हाक मारते, भाऊ. दुसऱ्या डाव त्याले बोलता येत नाई."

त्या दिवसापासून फादरची खुर्ची रानाकडे तोंड करून राहिली. "आली का हो दुसरी?" मी चिडवायचो. ते मान हलवायचे. पुढे पुढे बोलता बोलता मध्येच थांबायचे, कान द्यायचे... आणि काही न मानणारा मीही श्वास रोखायचो.

मातीला पोचलो तेव्हा त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी जनाबाई ओसरीवर बसली होती. "दुपारी चहा करून राह्यली होती, तं फाटकाकडून बाईच्या आवाजात कोणीतरी म्हटलं, कुंजू. फादरनं ओ देल्ली. बाहेर येऊन पाह्यलं तं फाटकात कोणी नाई. अन् खुर्चीत फादर गेलेले. कुंजू कोण जी, सर?"

मला ठाऊक नव्हतं. केरळातून आलेल्या त्यांच्या भावाला विचारलं. त्यानं कप खाली ठेवला. "घरचं नाव," एवढंच बोलला.

मी पुरावा मागणारा माणूस. जनाबाईला भास झाला असेल, हे नाव फादर कधी स्वतःशी पुटपुटले असतील, असं मनाला समजावून पाहिलं. समजलं नाही. फादरना त्यांचं उत्तर मिळालं असावं, एवढंच मला हवं आहे.

खुर्ची अजून तिथंच आहे. मागच्या रविवारी तिच्यात जाऊन बसलो. आई जाऊन आता दोन उन्हाळे झाले, माझं ते नाव घेणारं कोणी उरलेलं नाही. ऊन कलत होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. फाटकाकडून हाक आली, "चिंधू..."

एकदाच. मी अजून ओ दिलेली नाही.