पडद्यामागचं कलम

तिहोतीला अध्यक्षाची खुर्ची मिळाली, त्याच दिवशी तुआइनेनं भावाच्या नावानं अंघोळ केली. काळी, फिरती खुर्ची ऑकलंडहून बोटीनं आली होती. मानिहिकी बेटाच्या खाऱ्या हवेत तिची चाकं महिन्याभरात गंजली. तरी तिहोती रोज इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यात बसायचा आणि पायानं स्वतःला गरागरा फिरवायचा.

भागीदारी कळायला सोपी होती. बेटाच्या पोटातलं पाणी, लगून, बाहेरच्या माणसाला मिळत नाही. पंचांचा तसा नियमच आहे. तुआइनेच्या घराण्याकडे पाणी होतं, कालवं होती. पण कालवाच्या पोटात मणी बसवून, वर दुसऱ्या कालवाच्या मांसाची चिमूट लावून मोती पिकवायची विद्या नव्हती. त्या कामाला ते कलम म्हणत. ऑकलंडच्या कंपनीकडे कलम करणारा कारागीर होता, बोटी होत्या, जपानचं गिऱ्हाईक होतं. पाणी तेवढं नव्हतं. म्हणून दोघांनी मिळून तिसरी कंपनी काढली. एक्कावन्न टक्के घराण्याचे, एकोणपन्नास त्यांचे.

"एक्कावन्न!" तिहोती म्हणाला. "म्हणजे मालक कोण? आपण!"

"आणि व्यवस्थापक कुणाचा?"

"त्यांचा."

"कारागीर?"

"त्यांचा."

"मोती विकत कोण घेणार?"

"त्यांचीच जपानमधली कंपनी."

"मग आपलं काय रे, दादा?"

"सांगितलं ना, एक्कावन्न."

"बस मग फिरत," तुआइने म्हणाली.

करारात तिनं हट्टानं एकच ओळ घालून घेतली होती: पाच वर्षांत बेटावरच्या दोघांना कलम शिकवायचं. कंपनीचा माणूस हॅझ्लेट हसून म्हणाला होता, "अवश्य." असल्या गोड हसण्याची तिला पहिल्यापासून शिसारी होती.

लगूनमध्ये खांबांवर लाकडी मचाण उभं राहिलं आणि मचाणावर निळा पडदा आला. पडद्याआड नोदा नावाचा कारागीर बसे. बाहेर तुआइने आणि चार बायका कालवं घासायच्या, शिंपल्याच्या फटीत पाचर घालायच्या आणि पडद्याखालून आत सरकवायच्या. चार वर्षं तिला नोदाचा फक्त हात दिसला.

बैठकीत तिनं विचारलं, "शिकवणार कधी?"

"तुम्ही रोज तिथेच असता की," हॅझ्लेट म्हणाला. "शिक्षण चालूच आहे."

तिहोतीनं मान डोलावली आणि इतिवृत्तात लिहून घेतलं: शिक्षण चालू आहे. तुआइनेनं त्या कागदाकडे पाहिलं आणि तिला वाटलं, या दोघांना एका शिंपल्यात घालून दोरीनं आवळावं.

पण ती गप्प बसली नाही. दर आठवड्याला काही कालवं मरत, काही मणी ओकून टाकत. ती फेकायचं काम तिचंच. ती फेकायची नाही. घरी नेऊन उघडायची. काप कुठे घेतला, किती खोल, मणी कुठल्या कुशीत बसला होता, हे बोटानं चाचपायची. मोडक्या छत्रीच्या काड्या दगडावर घासून तिनं अवजारं केली. ओकलेले मणी तर फुकटच होते. भागीदारीत न घातलेली, तिची स्वतःची चाळीस कालवं होती. आधी तिनं मेलेल्यांवर हात बसवला, मग या चाळीसांवर कलम केलं आणि एकेकाला जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात टांगलं. चाळीस दिवसांनी पाहिलं तर सोळांनी मणी धरून ठेवला होता.

पाचव्या वर्षी हॅझ्लेट आणखी दहा वर्षांचा करार घेऊन आला. पाण्याचा हक्क दोघा भावंडांच्या नावे असल्यानं सह्याही दोन लागत. तिहोतीनं डुक्कर भाजलं, माणसं बोलावली आणि जेवणाआधीच सही ठोकली.

"पडदा काढा, दोघींना शिकवा आणि व्यवस्थापक आमचा नेमा," तुआइने म्हणाली. "मग सही."

"व्यवस्थापक म्हणजे कोण, तू?" तिहोती खिंकाळला. "नाकापेक्षा मोती जड!"

तिनं सोळा कालवांची बादली नोदापुढे ठेवली. त्यानं एक उचललं, फट केली, आत बघितलं. मग दुसरं. पाच वर्षांत तिनं पहिल्यांदाच त्याचा चेहरा इतक्या जवळून पाहिला. थकलेला होता, कंटाळलेला.

"कितीतून सोळा?"

"चाळीस."

"माझी पस्तीस धरतात," तो म्हणाला. "काप वाकडा आहे. अवजार घाणेरडं आहे." मग हॅझ्लेटकडे न बघता पुढे म्हणाला, "शिकवलं तर वर्षात माझ्याएवढं करेल."

"न शिकवण्याचे पैसे मिळतात तुम्हाला," हॅझ्लेट पुटपुटला.

हे सगळ्यांनी ऐकलं. तिहोतीनंही ऐकलं, त्यानं डुकराचा तुकडा तोंडात घातला आणि जमिनीकडे बघत चावत राहिला. तुआइनेला राग आला नाही. राग यायला समोर माणूस लागतो.

तिनं सही केली नाही.

हॅझ्लेटला त्याचं दुःख आठवडाभरही झालं नाही. लगूनच्या पलीकडच्या घराण्यानं तोच करार आनंदानं घेतला. मचाण उपटून तिकडे नेलं, पडदाही. त्यांचा अध्यक्ष एक्कावन्न, एक्कावन्न करत गावभर फिरला. तिहोती तिकडे सल्लागार म्हणून लागला. शर्ट तोच, फक्त खिशावरचं नाव बदललं. घराण्यातले लोक तुआइनेला म्हणाले, "हातचं घालवलंस." ती म्हणाली, "हातात काय होतं ते दाखवा, मग रडू."

दीड वर्षानं सोळा कालवांतून अकरा मोती निघाले. तीन गोल, बाकीचे बेढब, जणू कुणी चावून टाकलेले. रारोटोंगाच्या व्यापाऱ्यानं ते तळहातावर लोळवून नाक मुरडलं. तीन ठेवून बाकीचे परत केले. त्या पैशांतून तिनं खरी अवजारं मागवली.

पुढच्या महिन्यात पलीकडच्या घराण्यातली मेतुआ होडी वल्हवत आली. आता तिकडे पडद्याबाहेर पाचर घालणाऱ्यांपैकी ती एक.

"शिकवणार म्हणाले होते आम्हालाही," ती म्हणाली.

"आणि तुमच्या अध्यक्षांनी लिहून घेतलं?"

"घेतलं."

तुआइने हसली, छान नव्हतं ते हसणं. मेतुआची मान खाली गेली. तुआइनेनं तिचा हात ओढून घेतला, बोटं उलटसुलट करून पाहिली.

"सोमवारी ये," ती म्हणाली. "नखं कापून ये. आणि इथे काय शिकतेस ते त्या गाढवांना सांगू नकोस."