शत्रूला जेवू घातलं म्हणून

आधीच सांगून टाकते, मला काढून टाकलं. तंजावूरजवळच्या ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं नोकरी केली, पण एकदाही मेमो मिळाला नाही. आणि मोबाइलवरच्या एका खेळातून, जिथं एक किल्ला, दोन कोठारं आणि एक लंगडा ड्रॅगन एवढीच माझी इस्टेट होती, तिथून आठ दिवसांत हाकललं. माझा गुन्हा काय, तर मी माणसांना जेवू घातलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

या खेळात मी हौसेनं गेले नव्हते. निवृत्त झाल्यापासून जो तो मला छंद सुचवतो, जणू मी रिकामी बसले तर तंजावूरवर संकट येणार आहे. आधी तंजावूर चित्रांच्या वर्गाला गेले. फळीवर खडूची लुकण थापा, खडे चिकटवा, सोन्याचा वर्ख लावा. सगळं केलं. शिकवणाऱ्या बाई चित्र लांब धरून म्हणाल्या, "तुमचा कृष्ण रागावलेला का दिसतो?" मग तिरुवैयारुला बसनं गाणं शिकायला जाऊ लागले. तिथले गुरुजी फार सज्जन. त्यांनी मला मनातल्या मनात गायला सांगितलं. आणि रोज सकाळी दारात मी ठिपक्यांचं कोलम, म्हणजे इथली रांगोळी, काढते, एकवीस ठिपके, एका रेघेत, त्याला मात्र कुणी छंद म्हणत नाही. ते घरकाम!

खेळात शिरले ती नातीसाठी. ती चेन्नईला असते, बारा वर्षांची आहे. दर रविवारी फोनवर मी विचारते, "जेवलीस का गं?" ती म्हणते, "साप्टेन, पाट्टी," म्हणजे जेवले, आजी. मी मराठीत विचारायचं आणि तिनं तमिळमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय. तिला कळतं सगळं. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, म्हणते, "समजतं ना तिला? पुरे की." पुरे कसं? समजणारा माणूस गप्प बसला तर भाषा कुठून ऐकू येणार? राजवाड्याच्या मागच्या आमच्या गल्लीत, मराठे राजांबरोबर इथं आलेल्यांच्या घरांत, पूर्वी दारादारांतून मराठी ऐकू यायचं. आता मी बोलते आणि समोरचे मान डोलावतात. मी गेल्यावर आमच्या घरात ही भाषा कुणाच्याच तोंडी राहणार नाही, या भीतीनं मला खरंच झोप लागत नाही.

म्हणून नातीनं "पाट्टी, माझ्याबरोबर खेळ" असा लकडा लावला, तेव्हा मी अट घातली की खेळताना मराठीच बोलायचं. शिवाय एक डाव टाकला. त्या खेळात टोळीत राहावं लागतं. मी शोधून शोधून महाराष्ट्रातल्या पोरांची टोळी काढली. तिथं तमिळ कुणाला कळणार नाही, म्हणजे हिला झक मारत मराठी बोलावं लागेल. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते.

टोळीचा म्होरक्या पुण्याचा होता, आवाजावरून पंचविशीचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "काकू, तुमचं मराठी किती क्यूट आहे!" क्यूट? मी काय मांजरीचं पिल्लू आहे? जी भाषा आमच्या घरात इतक्या पिढ्या, हजार मैलांवर, कुणाच्या मदतीशिवाय टिकली, तिला हा क्यूट म्हणतो. तरी गप्प बसले. नातीसाठी.

आणि ती बोलू लागली होती! आधी "हो", "थांब", मग गुरुवारी एक अख्खं वाक्य. किल्ल्याच्या दारात सगळे घाई करत होते, तर ती माइकवर म्हणाली, "अस्के थांबा, मी येतें." आमच्याकडं 'सगळे' या शब्दाला 'अस्के' म्हणतात. माझ्या आईचा शब्द या पोरीच्या तोंडून ऐकून माझे डोळे भरून आले. तेवढ्यात म्होरक्या फिदीफिदी हसला. "अस्के! अरे ऐकलंत का, अस्के!" मग बाकीचेही हसले. दिवसभर टोळीतला जो तो दुसऱ्याला अस्के म्हणून हाका मारत होता. नातीनं माइक बंद केला. शुक्रवारी बंद, शनिवारी बंद. त्या पोराला समोर उभं करून दोन मुस्कटात द्याव्यात असं वाटलं, पण त्याचा पत्ता कुठं होता माझ्याकडं.

रविवारी दुपारी जे घडलं ते असं. म्होरक्यानं मला सीमेवरची मोकळी जागा दिली आणि सांगितलं, "काकू, इथं काहीतरी बांधा." मी सराई बांधली. ओरत्तनाडुला मराठ्यांच्या काळातलं मोठं छत्र आहे, वाटसरूंना जेवू घालण्यासाठी बांधलेलं. कचेरीत जाता-येता तीस वर्षं मी ते पाहिलं. आमच्या लोकांनी इतक्या लांब येऊन काय केलं असं कुणी विचारलं, तर मी लढाया सांगत नाही, छत्रं दाखवते. आमच्या घरातही तीच रीत. जेवणवेळेला दारात कोणी आलं की आधी केळीचं पान मांडायचं, त्यावर पाणी शिंपडायचं, नाव-गाव नंतर. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही आईनं डांगर पचडी वाढली होती. तो बिचारा नको नको म्हणत दोनदा भात घेऊन गेला.

सराई बांधल्यावर खेळानं विचारलं, जेवण कुणाला? टोळीला की सर्वांना? हा काय प्रश्न झाला? मी "सर्वांना" दाबलं आणि सामायिक कोठार जोडून दिलं.

तासाभरात रांग लागली. लाल निशाणवाले, हिरवे निशाणवाले, एक तीन डोक्यांचा राक्षससुद्धा. लाल निशाण म्हणजे शत्रू, हे मला ठाऊक होतं, उगीच खोटं कशाला बोलू? पण भुकेलेले होते, त्यांच्या डोक्यावर रिकामी थाळी दिसत होती. वाढत गेले. चार वाजता आमचं कोठार संपलं. सव्वाचारला लाल निशाणवाल्यांनी, पोट भरल्यामुळं ताकद येऊन, आमचा किल्ला पाडला. माझा लंगडा ड्रॅगनही गेला.

मग माइकवर माझा खटला सुरू झाला. म्होरक्या ओरडत होता. "काकू, तुम्ही शत्रूला जेवू घातलंत? सगळं धान्य? डोकं आहे का ठिकाणावर?" मागून कोणीतरी म्हणालं, "मद्रासी काकूंना काय कळणार." मद्रासी! आणि तेही मराठीत, मला!

मी तोंड उघडलं. साठ वर्षांचं मराठी माझ्यापाशी, पण रागाच्या भरात एक शब्द सुचेना. जे बाहेर पडलं ते सगळं तमिळ. गल्लीत भाजीवाल्याशी भांडावं तसं, भडाभडा. पलीकडं पुन्हा हशा पिकला. मला स्वतःचीच लाज वाटली. ज्या भाषेसाठी एवढा आटापिटा केला, ती ऐन वेळी मलाच सोडून गेली. मी गप्प झाले.

तेव्हा तीन दिवस बंद असलेला माइक सुरू झाला.

"हसूं नोका," नात म्हणाली. "आमच्या घरीं जेवायला आल्याला तूं कोन म्हणून विचारत नाहीं. अस्क्यांना वाढतों. पाट्टी चुकली नाहीं. तुम्ही हसलां, तें चुकलं."

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली की आम्हा दोघींना टोळीतून काढण्यात आलं आहे. मी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले आणि त्या पोराला उद्देशून, आता मात्र शुद्ध मराठीत, जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी मोठ्या आशेनं फोन केला. "जेवलीस का गं?"

"साप्टेन, पाट्टी."

माझा पारा चढला. म्हटलं, अगं, त्या दिवशी इतकं छान बोललीस, चार-पाच वाक्यं बोललीस, मग आता काय धाड भरली? का नाही बोलत?

ती तमिळमध्येच, अगदी सहज म्हणाली, "त्या दिवशी तू बोलायची थांबली होतीस ना, पाट्टी. म्हणून मी बोलले."

मी तिला रागावले, अभ्यास कर म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.