पेटीतला फोन

"साहेब, मी कुणाचा रुपया थकवलेला नाही. हा कागद दुसऱ्या कुणाचा तरी असेल."

वैशाली ओहोळ हळू आवाजात बोलत होत्या. मी क्रेडिट रिपोर्ट टेबलावर त्यांच्याकडे वळवून ठेवला होता. त्या त्याला हात लावत नव्हत्या. शेजारी त्यांच्या सासूबाई, चंद्रभागाबाई, कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

मी नगरला एका गृहकर्ज कंपनीत क्रेडिट मॅनेजर आहे. समोरच्याला कर्ज द्यावं की नाही, हे कागद बघून ठरवायचं, एवढंच माझं काम. त्यातला पहिला कागद हा क्रेडिट रिपोर्ट. माणसाने आजवर कोणती कर्जं घेतली, हप्ते वेळेवर भरले का, चुकले तर किती दिवस, हे सगळं त्यात असतं. त्यावरून तीन आकडी स्कोअर निघतो. वैशालीताईंचा स्कोअर इतका खाली होता की संगणकाने अर्ज लाल रंगात दाखवला.

एरवी अर्जात नाव ठेवायला जागा नव्हती. कर्जतच्या कॉलेजात त्या प्रयोगशाळा परिचर होत्या. नोकरीला नऊ वर्षं झालेली, पगार नियमित. गावाबाहेर दोन खोल्यांचं घर ठरवलं होतं. पती वारल्यावर त्यांचा टेम्पो विकला, ते पैसे घरमालकाला विसार म्हणून दिले. महिनाअखेरपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर विसार बुडणार, असं पावतीवर लिहिलेलं होतं. अकरा दिवस उरले होते.

मी रिपोर्टातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. एका फायनान्स कंपनीचं वैयक्तिक कर्ज. मुख्य कर्जदार संतोष ओहोळ, सहकर्जदार वैशाली ओहोळ. तेरा महिने एकही हप्ता नाही.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"टेम्पोच्या इंजिनकामाला घेतलं होतं ते. त्यांनी सही कर म्हटलं, मी केली. हप्ता त्यांच्या खात्यातून आपोआप जायचा. मला वाटलं, ते गेले तेव्हा…"

सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. मुख्य कर्जदाराने भरलं नाही तर सगळं त्याच्यावर येतं. सही घेताना हे सहसा कुणी समजावून सांगत नाही.

"कंपनीचा फोन आला नाही कधी?"

"एकदाही नाही. पत्रही नाही."

मी रिपोर्टाचं शेवटचं पान उघडलं. पत्ता श्रीगोंद्याजवळच्या त्यांच्या गावचा होता. ते घर बंद होतं, सासूबाई आता कर्जतला सुनेजवळ राहत होत्या. मोबाईल नंबर दोघांच्या नावापुढे एकच. एजंट घाईत असेच फॉर्म भरतात.

"हा नंबर कुणाचा?"

"त्यांचा. फोन घरी आहे. आत्या, पेटीत आहे ना?"

चंद्रभागाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. "हाय. बंद हाय त्यो."

"कधी बंद पडला?"

"पडला न्हाई. म्या केला."

सून त्यांच्याकडे बघत राहिली.

"जलदान विधी झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी एक बाप्या फोनवर इचारतो, कुठं पळालाय तुमचा संतोष? म्या म्हनलं, पळाला न्हाई बाबा, मेलाय. तर म्हनतो, समदे असंच सांगत्यात. मग म्या बटन दाबलं आन् फोन पेटीत टाकला. हिला न्हाई सांगितलं. आधीच रडून रडून अर्धी झाल्ती." मग त्यांनी विचारलं, "साहेब, माज्यामुळं जातंय का घर?"

मी पाणी मागवलं.

त्या गेल्यावर पुण्याला आमच्या रीजनल हेडना फोन लावला. नियमाबाहेरचं कर्ज द्यायचं तर त्यांची मंजुरी लागते. आमच्या भाषेत त्याला डेव्हिएशन म्हणतात.

"तेरा महिने थकलेलं? रिजेक्ट कर," ते म्हणाले.

"सर, कर्जदार वारलाय."

"सहकर्जदार जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग? मागच्या वर्षीची केस विसरलास?"

विसरलो नव्हतो. दया आली म्हणून मी एक डेव्हिएशन मागितलं होतं. ते कर्ज बुडालं आणि मला मेमो मिळाला. तेव्हापासून लाल रंगाचा अर्ज समोर आला की माझा हात आधी रिजेक्टच्या बटणाकडे जातो. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी रिजेक्शनचं पत्र टाईपही केलं. पाठवलं मात्र नाही.

एक गोष्ट डोक्यात राहिली होती. अशा कर्जासोबत बहुतेक वेळा विमा काढतात. कर्जदार वारला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते. विम्याचा हप्ता कर्जातूनच कापून घेतात, त्यामुळे घरच्यांना पत्ता नसतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या फायनान्स कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मॅनेजरने खातं उघडून पाहिलं.

"विमा होता," तो म्हणाला. "पण मृत्यूची सूचना मुदतीत द्यावी लागते. आम्हाला कुणी कळवलंच नाही. आता क्लेम बसणार नाही."

"ज्या एजंटने कर्ज करून दिलं, तो भेटेल?"

"तो सोडून गेला. नंबर नाही."

संतोष गेल्याचं एजंटला तरी वेळेत कळलं असेल, अशी आशा होती. त्याचा नंबर मिळाला तर पेटीतल्या फोनमध्येच मिळणार होता. मी वैशालीताईंना फोन केला.

"चालू करायलाच हवा का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुमच्या ऑफिसात केला तर चालेल? घरी मुली असतात."

शनिवारी दोघी आल्या. फोन जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. वैशालीताई म्हणाल्या, "याची पिन जुनी आहे. चार्जर काही सापडला नाही." तसा चार्जर माझ्या ड्रॉवरमध्ये होता. माझी पत्नी गेल्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तिचा फोन मी दर सोमवारी ऑफिसात आणून चार्ज करतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, त्यांनाही सांगितलं नाही.

पंधरा-वीस मिनिटं काहीच झालं नाही. काळा पडदा, त्यात आमची तिघांची तोंडं. फोन चालू झाला नाही तर घर जाणार, आणि झाला तर आत काय असेल, ही भीती वेगळीच. चंद्रभागाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मग फोन थरथरला, तशा त्या खुर्चीतच मागे सरकल्या.

"घाबरू नका आत्या. चालू झाला फक्त."

पडद्यावर दोन मुली आणि टेम्पो होता. वैशालीताईंनी लॉक उघडलं. सिम केव्हाच बंद पडलं होतं, पण जुने मेसेज फोनमध्येच राहतात. नावांच्या यादीत "लोनवाले भाऊ" सापडलं. नंबर लिहून घ्यावा म्हणून मी त्याचे मेसेज उघडले आणि थांबलो.

सगळ्यात शेवटी पुण्यानुमोदनाची पत्रिका होती. संतोषचा फोटो, जलदान विधीची वेळ, ठिकाण.

"ही कुणी पाठवली?"

"धाकट्या दिरांनी. त्याच फोनवरून. यादीत होते तेवढ्या सगळ्यांना पाठवली, कुणी राहायला नको म्हणून."

संतोष गेल्यानंतरचा तो तिसरा दिवस होता. पत्रिकेखाली एजंटचं उत्तर होतं. हात जोडल्याची खूण, आणि "भावपूर्ण श्रद्धांजली. कंपनीला कळवतो." नावाशेजारच्या फोटोत त्याच्या गळ्यात कंपनीचं आयकार्ड होतं. म्हणजे कंपनीच्या माणसाला मुदतीतच सूचना मिळाली होती.

चंद्रभागाबाईंना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

सोमवारी आम्ही तिघं फायनान्स कंपनीत गेलो. सोबत मृत्यूचा दाखला, मेसेजचे प्रिंट आणि फोन. मॅनेजरने प्रिंट वाचला, आत जाऊन कुणाशी तरी बोलला, परत आला.

"हे आधी दाखवायचं ना, मावशी."

"आदी इचारलं आस्तं तर दावलं आस्तं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तुमी तर पळाला कुठं म्हनून इचारत हुता."

तो खाली बघून शिक्का शोधू लागला. क्लेम स्वीकारल्याचं आणि वसुली थांबवल्याचं पत्र त्याने दोन दिवसांत दिलं. ते मी पुण्याला पाठवलं. या वेळी रीजनल हेडनी आधी पत्र वाचलं. मग म्हणाले, "मंजूर कर, पण अटीवर. जुनं कर्ज बंद झाल्याचा दाखला आल्याशिवाय एक पैसा सोडायचा नाही. आणि व्याज थोडं जास्त लाव. स्कोअर सुधारायला वेळ लागेल." मला ते व्याज पटलं नाही. वैशालीताईंनी मात्र लगेच मान्य केलं.

मंजुरीचं पत्र बघून घरमालकाने महिनाभराची मुदत दिली. ती संपायच्या चार दिवस आधी दाखला आला. त्या चार आठवड्यांत चंद्रभागाबाई रोज सकाळी अकराला मला फोन करायच्या. "आला का कागद?" एवढंच विचारायच्या. आलाय म्हटलं त्या दिवशी त्यांनी तो फोनवरच वाचून दाखवायला लावला.

आता माझ्याकडे असं कुणी आलं की मी एवढंच सांगतो. घरातलं माणूस गेलं की कुणाकुणाला कळवायचं याची यादी आपण करतोच. त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव घाला, लेखी कळवा आणि पोच घ्या. प्रत्येक वेळी एजंटला पत्रिका गेलेली असेलच असं नाही.

हे सांगणाऱ्या माझ्या घरी कपाटात पत्नीचं क्रेडिट कार्ड तसंच पडून होतं. ओहोळ बाईंची फाईल बंद केली त्याच आठवड्यात मी बँकेत गेलो आणि मृत्यूची सूचना देणारा फॉर्म मागितला. फॉर्म एका पानाचा आहे. भरायला चार मिनिटं लागली.

मागायला नऊ महिने लागले होते.